भंगारातलं एक्स्चेंज

"हेच राहिलं होतं आता!" शिलाई मशीनच्या रिकाम्या कोपऱ्यात मुक्ताने दुसरा जुना कॉम्प्युटर टेकवला, तशा शशिकलाबाई कडाडल्या. "बापाने माझं चालतं मशीन भंगारात काढलं आणि लेक भंगार उचलून घरात आणतेय."

मुक्ताला इंटरनेटवरून फोन जोडणाऱ्या सर्व्हरचं काम शिकायचं होतं. नवी यंत्रं परवडणारी नव्हती, म्हणून बंद झालेल्या एका ऑफिसातून तिने हे कॉम्प्युटर आणि दोन टेबलफोन मिळवले होते. कॉम्प्युटरला जोडून एक फोन तिने स्वयंपाकघरात ठेवला, दुसरा बाहेरच्या खोलीत बाबांपाशी.

"भिंतीपलीकडे माणूस बसलाय आणि त्याला फोन?" शशिकलाबाईंनी नाक मुरडलं. तसं मशीन गेल्यापासून दोघा नवराबायकोंत अबोलाच होता. "विचार तुझ्या बाबांना, चहा हवाय का," असा सगळा कारभार मुक्तामार्फत चाले.

स्वयंपाकघरातला फोन वाजला. मुक्ताने हात जोडले, तेव्हा कुठे बाईंनी रिसीव्हर उचलला.

"पोहे खारट झालेत," पलीकडून नवरा म्हणाला.

"अबोला सोडलात तो एवढ्यासाठी? धन्य आहे तुमची!"

तो खाकरला. "मशीन द्यायला नको होतं मी. चुकलंच माझं."

"आई, ठेव आता. झाली माझी टेस्ट," मुक्ता कुजबुजली.

बाईंनी तिला हातानेच झटकलं. आवाज अगदी लख्ख येत होता.

"काय म्हणालात? या भंगारातून काही धड ऐकू येतंय का! पुन्हा बोला."