नवऱ्याचा हात

फौंड्रीच्या गेटवरच्या यंत्राने ओळख तपासायला सुंदराबाईचा कृत्रिम हात धरला, तो सोडेचना.

"ओढू नका, मावशी! ओळख पटली की सोडतंय ते," रखवालदार कोळेकर ओरडला.

"उपकरण रद्द. जप्त," यंत्र म्हणालं, आणि हाडात बसवलेला तो हात त्याने कोपरापासून उपटून काढला. रक्ताची चिळकांडी कोळेकरच्या तोंडावर उडाली. त्याने पहार उचलून यंत्राचा चेंदामेंदा केला.

"रद्द केला कुणी, मावशी?"

हात तिच्या नवऱ्याचा होता. तो वारल्यावर तिने स्वतःला बसवून घेतला होता. गेल्याच आठवड्यात कचेरीत जाऊन ती म्हणाली होती, "ह्यांच्या नावावरचं सगळं बंद करा."

"मीच मेलीनं," ती कण्हली. "सहीसुद्धा त्याच हातानं केली."