सुट्टीत आत्याकडे

आई मुलीची बॅग भरत होती. सुट्टीसाठी तिला न्यायला आत्या आली होती आणि बाहेरच्या खोलीत बाबांशी गप्पा मारत बसली होती.

"आई, मी नाही जाणार. आत्या कामावर गेली की काका माझ्या खोलीत येतात. नको म्हटलं तरी अंगाला हात लावतात."

आईचे हात थांबले. 'काहीतरीच काय बोलतेस!' असं ती म्हणेल, या भीतीनं मुलीनं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. पण आईनं तिला जवळ ओढलं.

"खरं बोलतेयस तू. मला ठाऊक आहे."

मुलीचा जीव भांड्यात पडला. आईच्या कुशीत शिरून ती हमसून हमसून रडली.

"गप, बाहेर ऐकू जाईल," तिचे डोळे पुसत आई म्हणाली. "आत्या घरात नसली की खोलीला आतून कडी लावून घेत जा. तुझ्या ताईलाही मी तेच सांगितलं होतं."

आणि आईनं पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

मुलगी उठली, बाहेर गेली आणि बाबा आणि आत्यासमोर उभं राहून तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी ताईचंही.