वाळीतलं घर

गेनसुके अंगणात कपाळ टेकून बसला होता आणि मुखिया कुराता त्याच्याकडे न बघता चहा पीत होता.

"कालपासून अडलीय माझी बायको, ओसाये," गेनसुके म्हणाला. "सुईणआजीला धाडा. मला हवं तर मारा. पण तिनं काय केलंय?"

कुराताने दार सरकवून लावून घेतलं. आत सुईण ओत्सुने बसली होती.

"मी जाते," ती म्हणाली.

"जा की. मग तोराकिचीला कोण आवरणार?"

दुष्काळात गेनसुकेने पाळी नसताना बांध फोडून पाणी घेतलं होतं. तोराकिचीचं भात उभं जळालं. त्याची भावकी विळे घेऊन गेनसुकेच्या दारात गेली, तेव्हा हाच कुराता आडवा उभा राहिला होता. "आपण माणसं आहोत, लांडगे नाही," असं म्हणून त्याने त्यांना जुन्या रिवाजावर आणलं. घर वाळीत टाकायचं. त्या घराशी बोलायचं नाही, तिथे पाऊल टाकायचं नाही. अपवाद दोनच: आग आणि मयत. विळे परत आढ्याला गेले. रक्ताचा थेंब सांडला नाही, याचा कुराताला अभिमान होता.

"एकदा सूट दिली की तोराकिचीची माणसंही म्हणतील, आम्हालाही एकदाच द्या," तो म्हणाला.

"ती मेल्यावर जाता येईल ना मला?" ओत्सुनेने विचारलं.

कुराताने मान खाली घातली. त्याला स्वतःची लाज वाटली, पण दार त्याने उघडलं नाही.

थोड्या वेळाने आगीची घंटा वाजली. गेनसुकेच्या छपराचा कोपरा पेटला होता. अख्खं गाव बादल्या घेऊन धावलं, तोराकिचीसुद्धा. बायांनी ओसायेला उचलून मागच्या गोठ्यात नेलं. ओत्सुने बादली टाकून तिच्यापाशी बसली. कुणी तिला अडवलं नाही. आगीला सगळ्यांना येता येत होतं.

गेनसुकेच्या हातातली चकमक तोराकिचीने पाहिली.

"स्वतःच लावलीय लबाडानं," तो पुटपुटला, पण पाणी मारत राहिला.

आग मोठी नव्हती. बघता बघता कोपऱ्यात नुसता धूर उरला.

"विझली," तोराकिची म्हणाला. "चला. ए म्हातारे, ऊठ."

"पाय आधी येतोय पोराचा," ओत्सुने ओरडली. "आत्ता सोडलं तर दोघं जातील!"

सगळे कुराताकडे बघू लागले. गोठ्यातून ओसायेचं कण्हणं ऐकू येत होतं. नुसतं 'राहू दे तिला' म्हणायचं होतं, पण त्याची जीभ उचलेना. तोराकिचीच्या भावकीचे हात विळ्यांविना रिकामे होते. ते रिकामेच राहायला हवे होते.

कुराता भिंतीपाशी गेला. तिथली कोरड्या पेंढ्याची पेंडी उचलून त्याने धुमसत्या कोपऱ्यात टाकली आणि फुंकर घातली.

"कोण म्हणतं विझली?" तो म्हणाला.

मग तोराकिचीने दाराची फळी उपटली आणि जाळात फेकली. बाकीचेही पुढे झाले. गेनसुके हात जोडून बघत राहिला आणि त्याच्याकडे मात्र कुणाला बघवेना.

संध्याकाळी मूल रडलं तेव्हा घराचा एक खांबही उभा नव्हता. मग सगळ्यांनी मिळून नीट पाणी ओतलं आणि गेनसुकेशी एक शब्दही न बोलता ते आपापल्या घरी गेले.