एकावर बी नको

तपासणी समिती येणार म्हणून आमच्या मलकापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मोठ्या कंपनीचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर घेतलं. विभागप्रमुख म्हणून ते निवडलं मीच. त्याआधी दोन वर्षं पोरं फुकटच्या, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरवर शिकत होती. देऊळघाटच्या वैष्णवीनं तर त्यावर कापसाच्या जिनिंग मिलच्या पाइपात रुई नेमकी कुठं तुंबते, ते हलत्या चित्रात दाखवलं होतं.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी मी तिला बोलावलं. "ते जुनं सगळ्या मशीनवरून काढून टाक. समितीले फुकटचं दिसलं त बरं नाही वाटत."

"सर, नव्याले अजून कोणी हातच नाही लावला. एका मशीनवर तरी राहू द्या."

"एकावर बी नको. आणि उद्या साडी नेसून ये, पाहुण्यांचं औक्षण तुलेच करायचं आहे."

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष लॅबभर फिरले. नव्या सॉफ्टवेअरचा डबा त्यांनी हातात घेतला आणि परत ठेवला.

"एखाद्या विद्यार्थ्याला काही चालवून दाखवू द्या. खुल्या सॉफ्टवेअरवर असलं तरी चालेल, आम्हीही तेच वापरतो."

पोरांनी माना खाली घातल्या. मी दाराकडे पाहिलं. वैष्णवी विझल्या निरांजनाचं तबक धरून उभी होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "एकावर बी नाही ठेवलं."