हनुवटीखालचा पट्टा

शिकाऊ असताना तिचं हेल्मेट पिवळं होतं. हनुवटीखालचा पट्टा बांधायला ती रोज विसरायची आणि फिटरकाका रोज ओरडायचे, “पोरी, डोकं काय बाजारात मिळतं? बांध आधी!” मग बाकावर शेजारी बसवून डबा पुढे सरकवायचे. आज ती त्याच कारखान्यात इंजिनियर म्हणून रुजू झाली. हेल्मेट पांढरं मिळालं. दुपारी ती हौसेनं डबा घेऊन बाकाकडे गेली, तर सगळे उभे राहिले. “मॅडम, साहेबलोकांची जेवणाची खोली वर आहे,” कोणीतरी अदबीनं म्हणालं. वर तिच्याशी कोणी बोललं नाही. डबा तसाच राहिला. खाली येताना तिनं मुद्दाम पट्टा सोडला आणि मनात देवाचं नाव घेत काकांसमोर उभी राहिली. ओरडा ना, काका. काकांनी पट्टा पाहिला. मान खाली घातली. “मॅडम,” ते हळूच म्हणाले, “तेवढा पट्टा बांधाल का?”