वस्तीचं वळण

"किल्ली ठेवा, आबा." विजयमाला दारात आडवी उभी राहिली. "डॉक्टर काय म्हणलं? डोळ्यांचं आपरेशन होईस्तोवर गाडीला हात लावायचा न्हाय."

सर्जेरावांनी पायात चपला सरकवल्या. "डॉक्टर मला शिकवणार? वडगावापासनं बारामतीपर्यंतचा रस्ता मला पाठ हाय."

"रस्ता पाठ हाय, आबा. पण रस्त्यावर माणसं बी असत्यात."

सुनेला बाजूला सारून ते गेलेच. उभी हयात त्यांनी जीप चालवली होती. वराती नेल्या, अडलेल्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. कुणाला कधी खरचटलंसुद्धा नव्हतं. अलीकडं समोरचं सगळं धुक्यात बुडाल्यासारखं दिसायचं. पण ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

बारामतीत खताच्या दुकानात जाऊन, दुकानदार कुंडलिकरावांबरोबर चहा पिऊन ते परत फिरले, तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. परतीचा सगळा रस्ता सूर्य तोंडावर. काच नुसती पांढरी झाली. पुढच्या उसाच्या ट्रॉलीच्या आवाजावर अंदाज धरत ते चालले. वस्तीचं वळण आलं तसं हातांनी आपोआप स्टेअरिंग फिरवलं. डावं चाक जरा खाली घसरलं, गाडीला हिसका बसला. त्यांनी ती सावरली आणि अंगणात आणून उभी केली.

"बघ फिरून," ते सुनेला म्हणाले. "एक तरी ओरखडा हाय का?"

विजयमालानं गाडीभोवती फेरी मारली. ओरखडा नव्हता. ती आत गेली. आबा ओट्यावर ऐसपैस बसले.

थोड्या वेळानं नात छकुली सायकल ढकलत आली. गुडघा फुटला होता, शाळेचा ड्रेस चिखलानं भरला होता, सायकलचं हँडल वाकडं झालं होतं. विजयमाला धावली.

"पडले," छकुली म्हणाली. "माझी मीच."

आईनं जखम धुतली आणि हळद आणायला आत गेली. आबांनी नातीला जवळ ओढलं. "कशी गं पडलीस, छकुले?"

तिनं स्वयंपाकघराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "तुमची गाडी येताना दिसली म्हणून वळणावर थांबले हुते. हात बी केला. तुमी माझ्याकडंच बघत हुता, आबा. तरी गाडी अंगावर आली. मग मी कडंच्या पाण्याच्या चारीत उडी मारली." तिनं नाक ओढलं. "आईला सांगू नका. ती तुमची गाडी बंद करंल."

आबा तिच्याकडं झुकले. पोरीचा चेहरा हातभर अंतरावर होता. ती रडतेय का, हे त्यांना दिसेना. त्यांनी तिच्या गालाला हात लावला. गाल ओला होता.

"विजयमाला!"

छकुलीनं त्यांचा सदरा ओढला. आबा थांबले नाहीत.

"भाईर ये जरा. पोरगी पडली न्हाय. मी पाडली."