सुईनं केलेलं

अर्चना हात धुऊन परत आली, तेव्हा प्रदर्शनातल्या टेबलावरच्या तिच्या कापडावर कुणीतरी पाहुण्यांसाठी आणलेले पुष्पगुच्छ ठेवले होते. देठांचं पाणी निळ्या कापडात मुरत होतं. तिनं ते एकेक करून उचलले, खुर्चीवर ठेवले आणि पदरानं ओल टिपली. शेजारी स्वाती उभी होती.

कापड स्वातीच्या नवऱ्याचं होतं. गेल्या वर्षी बोईसरच्या एका कंपनीत स्फोट झाला, त्यात कमलेश गेला. त्याचे धुऊन ठेवलेले दोन युनिफॉर्म स्वातीला घरात बघवत नव्हते आणि टाकूनही देववत नव्हते. तिनं ते शेजारच्या अर्चनाकडे आणून दिले. अर्चनानं ते उसवले, जोडले आणि त्यावर दोऱ्यानं स्फोटानंतरची ती सकाळ काढली. कंपनीचं बंद गेट आणि गेटाबाहेर जमिनीवर बसलेल्या बायका. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या पायात चप्पल नाही, एकीच्या हाताला अजून कणीक. खिशावरचं कंपनीचं नाव तिनं उसवून काढलं होतं. तेवढी जागा न विटता गडद राहिली होती. त्या गडद तुकड्याचंच तिनं गेट केलं होतं.

फोटो बघून पालघरच्या चित्रप्रदर्शनासाठी ते निवडलं गेलं. सकाळी दोघींनी ते बोईसरहून गुंडाळून आणलं, उलगडलं, आणि आयोजक एकनाथ सरांनी त्यावरून हात फिरवला. फिरवता फिरवता थांबले. मग कापड आतल्या भिंतीवर न जाता दाराजवळच्या टेबलावर गेलं. टेबलावर पाटी होती, हस्तकला आणि छंद. एका बाजूला रंगवलेल्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला क्रोशाची तोरणं.

एक बाई आल्या, त्यांनी कापडाचं टोक चिमटीत धरून पाहिलं. काम फारच सुबक आहे म्हणाल्या. त्यांच्या दिवाणासाठी असंच एक हवं होतं, फक्त गुलाबी रंगात, आणि बायकांच्या जागी मोर.

अर्चना सरळ एकनाथ सरांकडे गेली. सर वाईट माणूस नव्हते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून आता हे प्रदर्शन स्वतःच्या हिमतीवर भरवत होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. फोटोत ते रंगकाम वाटलं होतं. चिकाटी मोठी आहे, टेबलावर त्याला बक्षीससुद्धा मिळेल. पण आज सुईकाम भिंतीवर लावलं तर उद्या प्रत्येक तोरण भिंत मागेल. चित्र बघायचं असतं, हस्तकला वापरायची असते.

"मग ह्याचा वापर सांगा," अर्चना म्हणाली. "अंथरायचं का पांघरायचं?"

सरांनी टेबलाकडे हात केला. "वापराचं राहू द्या. सुईनं केलंय ना?"

"हो. सुईनंच केलंय."

ती टेबलाकडे परतली, कापड उचललं आणि आतल्या दालनात गेली. भिंतीवर समुद्राचं एक चित्र होतं, त्याच्या पलीकडे बैलांचं. मध्ये विजेच्या बटणांसाठी सोडलेली जागा रिकामी होती. अर्चना तिथं पाठ टेकून उभी राहिली. कापडाची दोन टोकं धरून तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले. ती पूर्ण झाकली गेली. बाहेरून दिसत होती ती फक्त बोटं आणि खाली पावलं.

कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, हा काही कार्यक्रम आहे का. मग एकनाथ सरांचा दबका आवाज अगदी जवळ आला. "ताई, असं करू नका. प्रमुख पाहुणे पोचतायत."

"तुमच्या भिंतीला धक्का लावला नाही सर," ती कापडामागून म्हणाली. "खिळासुद्धा मागितला नाही."

सरांची पावलं लांब गेली.

हातांना रग लागली. ती दात दाबून उभी राहिली, आणि अचानक एक टोक हलकं झालं. स्वातीनं ते धरलं होतं. अर्चना दुसऱ्या टोकाला सरकली. आता तिला समोरची माणसं दिसली. बरीच होती. एक म्हाताऱ्या बाई अगदी पुढं येऊन बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ह्या कोणाची वाट बघतात गो?"

अर्चनानं तोंड उघडलं, पण उत्तर स्वातीनं दिलं.

"आमच्या माणसांची."

म्हाताऱ्या बाईंनी मान हलवली आणि त्या तिथून हलल्या नाहीत.

व्यासपीठावर भाषणं झाली. मग माइकवर पुकारा झाला. हस्तकला आणि छंद विभाग, प्रथम पारितोषिक, सौ. अर्चना जितेश जाधव. टाळ्या पडल्या. टेबलाकडे माना वळल्या, टेबल रिकामं होतं. पुन्हा नाव घेतलं गेलं. एकनाथ सर व्यासपीठावरून इकडंच बघत होते. त्यांनी हातानं खूण केली, या.

अर्चनानं स्वातीकडे पाहिलं. कापड तिच्या माणसाचं होतं.

"तू म्हणशील तर जाते," ती म्हणाली.

"हात दुखतायत का, ताई?"

"दुखतायत."

"माझे नाही दुखत अजून," स्वाती म्हणाली, आणि तिनं आपलं टोक आणखी वर उचललं.